रंगीत ठिपक्यांचं पुस्तक

आकाश निवडक माणसांनाच बोलावतं, असं सरपंच माझ्या सत्कारात म्हणाले होते. परवा चष्म्याच्या दुकानात रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दिसलं आणि ते आठवलं. सत्तरच्या दशकात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी मी नुसता वैद्यकीय तपासणीला निघालो होतो. गावानं आधीच फेटा बांधला. तपासणीत तसल्याच पुस्तकातल्या ठिपक्यांत लपलेले आकडे, पहिला सोडला तर, मला दिसले नाहीत.

परतलो तेव्हा वडूजच्या स्टँडवर वडील न्यायला आले होते.

"आबा, मला लाल-हिरवं सारखंच दिसतं. इमान न्हाई मिळायचं."

ते जागीच थांबले. "म्हंजी कच्च्या मिरच्या तोडल्यास म्हणून लय मारलं रं तुला, तवा..."

पुढं घरापर्यंत ते माझ्या दोन पावलं मागून चालत राहिले. आता वाटतं, त्या वाटेवर माझ्यापेक्षा तेच जास्त एकटे होते.

मिरचीच्या तोडणीतून माझं नाव कायमचं कमी झालं.