वजनाच्या वेळी ड्रायव्हर खाली

"शर्ट काढ," साहेब म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणून मी काढला.

एवढी एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. हिंदीत म्हणाले असते तर मी विचारलं असतं, काहे को? मी रायपूरचा ट्रक ड्रायव्हर. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, हमालांशी छत्तीसगढी. कामाच्या जागी माझ्याशी कोणी मराठीत बोललं असं कधी झालंच नव्हतं.

त्या दिवशी बिलासपूर रस्त्यावरच्या एका स्टील प्लांटमध्ये कोळसा घेऊन गेलो होतो. गेटाच्या आत मंडप टाकलेला. ड्रायव्हरांसाठी आरोग्य शिबिर. मी रांगेत उभा राहून बायकोशी फोनवर बोलत होतो. "हव, खाल्लं ना. काहून वरडून राहिली?" ते साहेबांनी ऐकलं. गेटावरच्या गाड्यांचं आणि ड्रायव्हरांचं सगळं हेच साहेब पाहायचे.

"अरे, तू मराठी?"

"हव साहेब. गुढियारीत राहतो. आमचे बाबा भंडाऱ्याहून आले, रेल्वेच्या मालधक्क्यावर होते."

"आम्ही भोसल्यांच्या काळापासूनचे इथले. म्हणजे आपलाच माणूस की!"

आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोटं कशाला सांगू, मी हरखलो. इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं माझ्या घामट खांद्यावर हात ठेवला होता, सगळ्या ड्रायव्हरांसमोर.

वजनाचं यंत्र घरात असतं तसं छोटं होतं. मी चढलो तर आकडाच दाखवेना. मागे खसखस पिकली. साहेब म्हणाले, "याला हा काटा पुरत नाही. चल, आपल्या मोठ्या काट्यावर."

मोठा काटा म्हणजे गाड्या तोलायचा. भरलेला ट्रक त्यावर उभा करायचा, ड्रायव्हरनं उतरून बाजूला व्हायचं, मग वजन घ्यायचं. वजनाच्या वेळी ड्रायव्हर खाली, हा नियम. तोलायचा असतो तो माल. त्या दिवशी काट्यावर ट्रक नव्हता. मी एकटा उभा होतो, त्या एवढ्या लोखंडी फळीच्या मधोमध. "शर्ट काढ, डॉक्टरांना पोट बघू दे," साहेब म्हणाले. डॉक्टर तिकडे मंडपातच होते. इकडे फक्त एक कॅमेरावाली पोरगी होती.

"अंकल, थोड़ा साइड से."

मी साइडनं उभा राहिलो. काट्याच्या खोलीच्या खिडकीवर लाल आकडे उमटले. एकशे तीस. टाळ्या पडल्या. ड्रायव्हर हसले, स्टाफ हसला, साहेब हसले. मीही हसलो. फोटोत मी हसतो आहे, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्या हसण्यावरच आहे.

नंतर भाषण झालं. सलाद खा, सकाळी फिरा, वेळेवर झोपा. प्रत्येकाला एकेक केळं मिळालं.

मी जाड आहे. नाकारतो कुठं? पण त्याच प्लांटच्या गेटावर गाडी दिवसदिवस उभी असते. बसायला सावली नाही. लघवीला जागा नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही. आत चांगली कॅन्टीन आहे, तिथे भाजी-पोळी मिळते, दही मिळतं. दारावर पाटी आहे, ड्रायव्हर-क्लीनरला प्रवेश नाही. मग ढाब्यावर तेलात पोहणारी डाळ आणि पराठे. खायचं, सीटवर बसायचं, सीटवरच झोपायचं. हे पोट मी घरून आणलेलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गेटावर फ्लेक्सचा बोर्ड लागलेला होता. माझ्या ट्रकएवढा उंच. त्यावर मी. उघडा, साइडनं उभा, हसणारा. पोटाच्या बाजूला मोठ्या अक्षरांत: "ड्राइवर भाई, कहीं आप भी ऐसे तो नहीं?" डोळ्यांवर साधी काळी पट्टीसुद्धा नव्हती. मला कोणी विचारलं नव्हतं. साहेबांना भेटायला गेलो तर ते मीटिंगमध्ये होते. पुन्हा गेलो, पुन्हा मीटिंग.

ड्रायव्हरांनी माझं नाव पोस्टर ठेवलं. ढाब्यावर बसलो की कोणीतरी ओरडायचं, "पोस्टर के लिए सलाद लाओ!" मी ढाब्यावर बसणं सोडलं. डबा घेऊन केबिनमध्ये चढायचो, पडदा ओढायचो आणि अंधारात जेवायचो. किती खाल्लं ते कळायचं नाही. भूक नसतानाही खायचो. दिवसभरात कोणाशी बोललो नाही, हे घरी आल्यावर लक्षात यायचं. बायको विचारायची, "बोलत काहून नाही?" काय सांगू तिला?

मग तो फोटो फोनवर फिरला. माझी पोट्टी चौबे कॉलनीत क्लासला जाते. रायपुरात असलो की मी तिला मोटरसायकलवर घ्यायला जायचो. क्लासच्या गेटासमोर बाकीच्या बापांच्या रांगेत उभा राहायचो. एक दिवस गाडीवर बसता बसता ती म्हणाली. ती हिंदीतच बोलते.

"पापा, गेट पे मत आया करो. मोड़ पे रुकना."

"काहून?"

"बस ऐसे ही." थोड्या वेळानं पुन्हा मागून आवाज आला. "और हेलमेट मत उतारना."

मला समजलं. मी वळणावर थांबू लागलो, पानठेल्याच्या मागे, हेल्मेट घालून. आतून घाम गळायचा आणि काच धुरकट व्हायची. रडलो तरी कोणाला दिसत नव्हतं, तेवढीच सोय. रडायचो.

उन्हाळा लागला. एका सकाळी भरलेली गाडी काट्यावर चढवली. खिडकीतून पुकारा झाला, "ड्राइवर नीचे!" मी दार अर्धं उघडलं, तेवढ्यात साहेबच समोरून आले. पुन्हा तेच हसू.

"बरं झालं भेटलास. उद्या पुन्हा शिबिर आहे, डायरेक्टर येणार. तू त्या बोर्डाशेजारी उभा राहायचं. उतर, सांगतो."

माझा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथंच थांबला. मी दार पुन्हा ओढून घेतलं.

"साहेब, आधी बोर्ड उतरवा. मग मी उतरतो."

"अरे, तुमच्या भल्यासाठीच आहे ते."

"मले इचारलं होतं का?"

"असं काय करतोस? आपलाच माणूस ना तू?"

"आपल्या माणसाले उघडा करून गेटावर टांगते का कोणी?"

साहेबांचं हसू गेलं. आणि मराठीही गेली. "गाड़ी हटाओ. नहीं तो आज से तुम्हारा गेट बंद."

मी इंजिन बंद केलं. चावी खिशात टाकली. काचा वर केल्या. मी वर बसलेलो असेपर्यंत कोणी वजन घेऊ शकत नव्हतं, आणि माझी गाडी हलेपर्यंत मागच्या कोणाची गाडी काट्यावर चढू शकत नव्हती.

मागे हॉर्न सुरू झाले. मला वाटलं, दुसरा एखादा ड्रायव्हर तरी येईल, म्हणेल, बरोबर केलंस. आला एक. कित्येकदा एका ताटात जेवलेला. पायरीवर चढून काचेवर थापा मारू लागला. "उतर जा भाई, काहे तमाशा कर रहा है? हमारा टाइम खोटी हो रहा है." मी मान हलवली. तो शिवी देऊन उतरला. बाकीचे नुसते हॉर्न वाजवत राहिले. केबिन तापली. पाणी संपलं. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. वाटलं, इथंच मेलो तर म्हणतील, बघा, जाडा होता, मेला. त्या भीतीनं नव्हे, त्या रागानं मी बसून राहिलो. इतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो.

दुपारी दोन माळी शिडी घेऊन आले. दोऱ्या कापल्या. बोर्ड खाली आला. त्यांनी तो घडी करून उचलून नेला.

मी उतरलो. बाजूला उभा राहिलो. गाडी तोलली गेली.

त्या प्लांटचं गेट मला बंद झालं. ट्रकच्या मालकानं मला दुसऱ्या लाइनवर टाकलं, लांबच्या आणि घाटाच्या. फोटो लोकांच्या फोनमध्ये आहेच, तो कोणती शिडी लावून उतरवणार? सरकारी दवाखान्यात मी आपणहून गेलो. शुगर निघाली. तिथेही डॉक्टर म्हणाले, शर्ट उतारो. बाकावर दहा माणसं बघत होती. मी म्हणालो, "पहले पर्दा." त्यांनी पडदा ओढला, मग मी काढला. गोळ्या घेतो. वजन कमी करतो आहे, माझ्यासाठी.

पोरीला सगळं सांगितलं. काटा, चावी, शिडी. तिनं मन लावून ऐकलं.

"अच्छा किया, पापा," ती म्हणाली. मग खाली बघून, "पर आप मोड़ पे ही रुकना."

मी तिच्यावर रागावलो नाही. पण तिला तिथंच सांगून टाकलं. सोमवारी मी वळणावर थांबणार नाही. बाकीचे बाप उभे राहतात तिथं, गेटासमोर उभा राहीन, हेल्मेट काढून. ओळख दाखवायची नसेल तर दाखवू नकोस. समोरून निघून जा, रिक्षा कर.

मी मंगळवारीही तिथंच असेन.