टाळ्या पडल्या आणि होड्या वळल्या

मंडळी, ऐका.

आज काशीदला डेव्हलपर लोकांच्या परिषदेत मी आमचं मच्छीमारांसाठीचं ॲप दाखवत होते. "बघा, वादळाचा इशारा असा जातो," म्हणत बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी उमटली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात खिडकीतून दिसलं, समुद्रातल्या होड्या भराभर किनाऱ्याकडे वळत होत्या. टेस्टच्या सर्व्हरऐवजी मी खऱ्याच सर्व्हरवरून इशारा पाठवला होता!

स्टेजवरच तो रद्द केला. तोवर मुरुडच्या माझ्या काकाचा होडीवरून फोन आला. "पोरी, जाळी कापून निघालोय. वादळ किती लांब हाय?"

"काका, वादळ नाहीये. माझी चूक झाली."

तो नुसतं "बरं" म्हणाला.

उद्या खरंच वादळ आलं, तर काका होडी वळवेल का हो?