मावसाजींचा दुसरा भाग

अख्ख्या तिरोडा तालुक्यात आमच्या मावसाजींइतका संशयी माणूस सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका भोळाही. मावशीचे हे यजमान बियाण्यांचं दुकान चालवतात, पण जीव सगळा खुनाच्या सिनेमांत. पडद्यावर पहिला मुडदा पडायच्या आत ते भर टॉकीजमध्ये खुनी कोण ते जाहीर करतात आणि बहुतेक वेळा चुकतात. त्याचं त्यांना दुःख नसतं. "डायरेक्टर घाबरला," म्हणतात. एकदा सडक अर्जुनी गावी एका लग्नात कोणाच्या तरी नव्या चपला नाहीशा झाल्या. मावसाजींनी मांडवाचं दार अडवलं, पाहुण्यांच्या पायांकडे रोखून बघत जेवणं खोळंबेपर्यंत चौकशी केली, आणि शेवटी चपला त्यांच्याच पायांत निघाल्या. "तपास तर लागला ना?" म्हणत ते निवांत पंगतीला बसले.

त्यांचा सर्वांत लाडका सिनेमा त्यांनी मावशीबरोबर गोंदियाला पाहिला होता. त्यात एक उतारवयाचा इन्स्पेक्टर खुन्याच्या मागावर असतो. शेवटी खुनी पळता पळता इन्स्पेक्टरच्या बायकोवर गोळी झाडतो, ती कोसळते आणि पडदा काळा होतो. संपलं. पुढच्याच वर्षी मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. नागपूरच्या दवाखान्यात आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "अजी, त्या बाईचं काय झालं असन?"

मी तिथेच उभा होतो. मावसाजी तिची चादर सारखी करत म्हणाले, "काय होते तिले? जगली ना! दुसऱ्या भागात तीच तर खुन्याले पकडते."

तेव्हा दुसरा भाग होता कुठे? तो मावसाजींनीच रचायला घेतला. ऑपरेशननंतर खाटेशेजारी बसून रोज थोडा थोडा सांगत. त्यात इन्स्पेक्टर नावापुरता, तपास सगळा बाईचा. ती विष घातलेली भाजी वासावरून ओळखायची, मोठ्या साहेबांना झापायची, आणि एकदा तर खुन्याचा पाठलाग करत थेट आमच्या इकडच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यावर येऊन थडकली. मावशीला हसू आलं की टाके दुखायचे. "थांबा जी," म्हणायची, ते थांबले की लगेच, "मंग?" ती बरी होऊन घरी आल्यावर ही गोष्ट दुकानात पोचली. गिऱ्हाईकं गोष्ट ऐकत बसायची आणि धानाचं बियाणं विसरून घरी जायची.

आणि यंदा खरोखरच दुसरा भाग आला. आम्ही तिघं गोंदियाला गेलो. मावसाजी इस्त्रीच्या सदऱ्यात, जणू त्यांचंच कौतुक व्हायचं होतं. पहिल्याच दृश्यात भिंतीवर त्या बाईचा फोटो, त्याला हार.

"अरे, काऊन मारलं इले?" मावसाजी ताडकन उभे राहिले.

"चाचा, बैठ जाओ!" मागून कोणीतरी ओरडलं. ते बसले. पुढचा सिनेमा उत्तम होता, पहिल्यापेक्षा कांकणभर सरसच. पण मावसाजींनी खुनी कोण ते आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं नाही.

बाहेर चहा पिताना मी विचारलं, "मावसाजी, पहिल्याच्या तोडीचा आहे का?"

"आहे ना बापू. खोटं कायले बोलू? मस्त बनवला." त्यांनी बशीत चहा ओतला. "पन बायको मारून मानसाले रडवनं सोपं राहते. तिले जगवून गोष्ट पुढं नेऊन दाखवा म्हना."

"मले तर तुमचाच आवडला," मावशी म्हणाली. "पन अजी, मी बरी झाली अन् तुमी शेवट सांगितलाच नाई."

"शेवट कायले पाह्यजे तुले?" मावसाजी जवळजवळ रागावलेच.

परतताना दोघं गाडीत मागे बसली होती. धानाच्या बांध्यांवर ऊन कलत होतं. मावशीनं डोळे मिटून मान मागे टेकवली होती, आणि मावसाजी हळू आवाजात बाईला एका नव्याच खुन्याच्या मागे लावून देत होते. मी गाडी जरा सावकाशच चालवली.