सोन्याच्या दाताची बाई

टेक्सासच्या सरकारी शवागारात बेवारस प्रेतांची ओळख पटवता पटवता नेल्दा कांतूचे केस पांढरे झाले होते. गळा आवळून कालव्याकाठी टाकलेली ही बाई तर कित्येक वर्षं तिच्या मानगुटीवर बसली होती. एक सोन्याचा दात, एवढीच खूण. "सीमेपलीकडनं आलेली असणार, कोण विचारतंय तिला?" असं साहेब म्हणाला, तेव्हा नेल्दा फाडकन बोलली होती, "कागद नव्हते म्हणून ती कमी मेली का?"

शेवटी होंडुरासहून युफेमिया नावाच्या एका अनोळखी मावशीचा फोन आला. तिची लेक येसेनियाही इकडे येऊन नाहीशी झाली होती आणि तिचाही एक दात सोन्याचा होता. मावशीच्या लाळेचा नमुना मागवून तपासला, प्रेताच्या डीएनएशी जुळला नाही.

ते सांगायला नेल्दानं फोन लावला. 'हो' म्हटलं तरी आई रडते, 'नाही' म्हटलं तरी रडते, याचा तिला आता वीट आला होता.

"मावशी, ती तुमची नाही."

"मग कुणाची गं?"

"देव जाणे. तुमच्याशिवाय कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे मेल्यावरची नऊ दिवसांची प्रार्थनाही झाली नसेल तिची. मी करते. नाव काय घेऊ?"

"नाव नाही, मावशी. नुसता नंबर आहे."

"नंबरानं कुणी प्रार्थना करतं का? माझ्या येसेनियाचं नाव देते तिला उसनं."

नेल्दा दचकली. "अहो, असं अभद्र काय बोलता? तुमची पोर जिवंत असेल!"

"असली तर येईल की परत मागायला."