सिमेंटचा ओटा आणि महालक्ष्म्या

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा मी ओतताना पाहिला आहे. सांवेर रोडवरच्या एका शेडमध्ये. लोक मुलाच्या जन्माची हकीकत सांगतात तितकी रंगवून मी ती सांगत असे: तो लाकडी साचा, त्यात पडणारा राखाडी रबडीसारखा माल, फुटणारे बुडबुडे, आणि मग ओली गोणपाटं पांघरून त्याला दिवसचे दिवस झोपवून ठेवणं. पलासियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये येणाऱ्याला चहाआधी ही कथा मिळे. हातवाऱ्यांसकट. आता मी ती सांगत नाही. कोणी ओट्याची तारीफ केली की घाईघाईनं विषय बदलतो.

तर झालं असं. आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, परदेशीपुऱ्यात दादाकडे असत. दादा माझा थोरला भाऊ. पण त्या तीन दिवसांचं राज्य वहिनींचं. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी तिथं जाऊन भाज्या चिरी, पुरण वाटी, आणि वहिनी ‘आता सरक’ म्हणाल्या की सरके. मग वहिनींचे गुडघे गेले. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे पोहे खात बसलो होतो, तेव्हा त्या बायकोला म्हणाल्या, “यंदा तुझ्याकडे बसव गं. नीट पार पडलं तर मुखवट्यांची पेटी तिथंच राहू दे. मी येईन पाहुणी म्हणून.”

बायकोनं बशी खाली ठेवली. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, “आपला ओटा लहान पडेल.”

तिला हवा होता काळा ग्रॅनाइट. साधा, मोठा, पुसला की झालं. पण साध्यावर भागलं तर मी कसला! मला कोणीतरी सांगितलं की हल्ली काँक्रीटचे ओटे करून मिळतात, आणि मी तिला सांवेर रोडला नेलं. शेडच्या मालकानं केसांची शेंडी बांधली होती. त्यानं माझ्याकडे एक नजर टाकली आणि गिऱ्हाईक ओळखलं. “भिया, ग्रॅनाइट तो सबके यहाँ है. ये दुनिया में एक ही पीस बनेगा, आपके लिए.”

दुनिया में एक पीस! मी तिथंच विरघळलो.

त्यानं नमुन्यांच्या वड्या बर्फीसारख्या मांडल्या. बायको एकेक उचलून म्हणाली, “हा गच्चीवरच्या टाकीचा रंग. हा पुलाचा. आणि हा, हा तर आपल्या जिन्याचा, रंगवायच्या आधीचा.” शेवटी भिजलेल्या राखेच्या रंगावर तडजोड झाली. मग त्यानं तिला पोळी लाटतात तसे हात धरून उभं राहायला सांगितलं आणि जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत टेप लावली. ती बुटकी आहे. जन्मभर टाचा उंचावून स्वयंपाक केलेला. “माझ्या मापाचा करणार?” तिनं विचारलं. “आप ही के नाप का, भाभीजी.” तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि ग्रॅनाइटचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

ओटा बसला. बारीक छिद्रं बुजवायला सीलर मारला, वर मेण घोटलं. मालकानं जाताना पथ्यं सांगितली: लिंबू, चिंच, दही, टोमॅटो सांडलं की लगेच पुसायचं, नाहीतर चट्टा. गरम कढई थेट टेकवायची नाही. वर चिरायचं नाही. हळद आणि कुंकू, खास करून ओलं, लांब ठेवायचं. सहाएक महिन्यांनी पुन्हा मेण.

“मग स्वयंपाक कुठं करायचा?” बायकोनं विचारलं. तो हसला. मी मात्र पथ्यं पाठ केली.

शेजारचे एकजण बघायला आले, बोट फिरवलं आणि आपुलकीनं म्हणाले, “अच्छा है भिया. अब पत्थर कब लग रिया है?” मी त्यांना अर्धा तास समजावलं. समजले नाहीत. तिथूनच बहुधा मला ईर्ष्या चढली. ओट्यावर एकही डाग पडू द्यायचा नाही, ही माझी प्रतिज्ञा झाली. बायको लिंबू कापायला लागली की मी मागे फडकं घेऊन उभा. ती वाटी ठेवी, मी खाली कागद सरकवी. “हा ओटा आहे की जावई?” ती म्हणे. मी त्यावर टाळी देत असे! तिचं हसणं दिवसेंदिवस आखूड होत चाललंय हे मला दिसलं नाही.

मग महालक्ष्म्या आल्या.

तुमच्यापैकी काहींच्या घरी ही रीत असेल. मुखवटे दारातून आत आणायचे, त्यांच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, आणि स्थापनेआधी त्यांना सगळं घर फिरवून दाखवायचं. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. जिथं देवी थांबेल तिथं ओल्या कुंकवाचा हात उमटवायचा. परदेशीपुऱ्यात चुलीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचे वहिनींचे हात आहेत, एकावर एक, नव्याखाली जुने.

बायकोच्या हातात मुखवट्यांचं तबक. नवी नऊवारी, नथ, आणि चेहऱ्यावर असं काही की मी आपसूक बाजूला झालो. वहिनी एका हातानं भिंत धरत, दुसऱ्यात कुंकवाची वाटी घेऊन पुढं. मागं वहिनींच्या आळीतल्या आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायका. मी सगळ्यांच्या मागं, टाचा उंच करून.

“इथं काय आहे?” वहिनींनी दिवाणखान्यात विचारलं.

“इथं माणसांची ये-जा आहे,” बायको म्हणाली.

“इथं काय आहे?” कोठीच्या कपाटाशी.

“धान्याच्या राशी आहेत.”

मग स्वयंपाकघर. वहिनींनी ओट्याकडे पाहिलं. तो चक्क त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी काठावरून कोरडा हात फिरवला आणि बायकोला म्हणाल्या, “गार आहे गं. आणि तुझ्या उंचीचा.” बायकोचे डोळे भरले. वहिनींनी विचारलं, “इथं काय आहे?” आणि उत्तर यायच्या आत पंजा वाटीत बुडवून वर उचलला.

“वहिनी, थांबा! हात लावू नका!”

हे मी म्हणालो. कुजबुजलो नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. बिनमाइकचा मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

सगळ्या वळल्या. आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण समोर श्रोते, मी बोलत सुटलो. सीलर म्हणजे काय, काँक्रीटला बारीक छिद्रं कशी असतात, कुंकू आत मुरलं तर घासूनही निघत नाही. शेवटी दुसऱ्या बाजूला पसरलेलं जुनं वर्तमानपत्र उचलून मी म्हणालो, “हवं तर यावर उमटवा, आपण मागून चिकटवू.”

वर्तमानपत्रावर. देवीचा हात.

वहिनींचा हात हवेत होता. मनगटावरून कुंकू ओघळत होतं. आमच्या घरात त्यांना ‘हात लावू नका’ असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, त्यांच्या सासूनं, म्हणजे आमच्या आईनंसुद्धा. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पुसायला काही सापडेना, तेव्हा स्वतःच्या कोऱ्या साडीला हात पुसला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “चला पुढं.”

बायकोनं ‘इथं अन्नपूर्णा आहे’ असं म्हणायचं होतं. ते राहूनच गेलं. तबक तसंच धरून ती वहिनींच्या मागं बाहेर गेली.

तीन दिवस वहिनी स्वयंपाकघरात आल्या नाहीत. दिवाणखान्यात खुर्चीवर बसून निवडायचं ते निवडलं, सांगायचं ते तिथूनच सांगितलं. माझ्याशी नीट बोलल्या. तेच फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी वाटी घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. “वहिनी, चुकलो. चला, उमटवा ना. दोन्ही हात उमटवा.”

“आता कशाला भाऊजी? देवी घर बघून बसली की.”

बायको दारात उभी होती. तिनं माझ्या हातातून वाटी काढून घेतली आणि देवघरात नेऊन ठेवली.

नैवेद्य सुरेख झाला. सोळा भाज्या, पुरण, कढी, सगळं. ओट्यावर एक डाग पडला नाही, कारण बायकोनं सगळं रांधणं खाली फरशीवर शेगडी मांडून केलं. त्या मापाच्या ओट्यापाशी, खाली बसून. मी एकदा म्हटलं, “अगं, वर कर ना.” तिनं खालच्याच शेगडीवर कढई चढवली.

विसर्जनानंतर मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. बायको पेटीशी बसून राहिली. वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तुझ्यात काही कमी नाही. पण पेटी मी नेते. तिकडं देवीला भिंतीला हात लावता येतो. पुढच्या वर्षी स्वयंपाक तूच कर, मी बसून बघीन.”

“हो,” बायको म्हणाली.

पेटी मी उचलली. परदेशीपुऱ्यापर्यंत मागच्या सीटवर त्या दोघी आणि मधे पेटी. मी गाडी चालवत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढं अंतर गप्प होतो. एका खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, “सांभाळून भाऊजी. मुखवट्यांना सीलर नाहीये.” बायको खिडकीबाहेर पाहत होती, पण तिचे खांदे हलले.

दादाकडे पोचल्यावर बायको कोणी न सांगता आत गेली, पेटी फळीवर चढवली आणि चहा टाकला. वहिनीही भिंतीला धरत तिच्यामागं गेल्या. मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. दादा पेपर वाचत होता, त्यानं मान वर केली नाही. थोड्या वेळानं आतून दोघींचं हसणं ऐकू आलं, मोठं, दम लागेपर्यंतचं. कोणावर हसतात, ते विचारायला मी आत गेलो नाही.