जीपखाली निजायचं राहून गेलं

जुनी फोर बाय फोर जीप घ्याची असन तं आमच्या पाऱ्यातले, मोहल्ल्यातले लोक आता मले विचारतात. "भैया, पहले क्या देखना पड़ता है?" मी चौथी नापास. रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका कारखान्यात कॅन्टीनमध्ये भजे तळतो. माह्या सायकलची चेन पडली तं दुसऱ्याले बोलवा लागते. तरी सांगतो, काहून की जे करू नये ते सगळं मी करून बसलो.

मले शिकवणारे माहे बाबा. तरुणपणी ते जंगलात एका लाकडाच्या ठेकेदाराची जीप चालवत. मंग रायपूरले आले, तिथं उरल्याच्या कारखान्यांत ट्रक चालवला, अन् म्हातारपणी छाती अशी झाली की खाटेवरून मोरीपर्यंत गेले तरी दम लागे.

जंगलात असताना माह्याआधी त्यांले एक पोरगी झाली होती. आठ महिन्यांची, तापानं गेली. एवढ्या लहान लेकराले जाळत नाहीत, पुरतात. ठेकेदाराच्या छावणीपासून थोडं दूर, नाल्याच्या पलीकडं, एका मोहाच्या झाडाखाली पुरली. आई जिती होती तोवर घरात त्या जागेचं नाव कोणी काढत नव्हतं. मागच्या साली आई गेली. तेरावं झालं, मंडप सुटला, अन् बाबा म्हणाले, "मले एकडाव पोरीपाशी ने."

मी म्हणलो, "काहून बाबा, आता काहून?"

"तिची माय गेली. तिले सांगा नाई लागन का?"

मी एरवी मयतीतही जोक मारणारा माणूस. त्या दिवशी चपला घातल्या अन् गाडी ठरवाले निघालो.

दोन भाड्याच्या गाडीवाल्यांले विचारलं. दोघंही म्हणाले, नाल्यापर्यंत नेतो, पुढं नाई. नाल्यात रेती अन् चिखल, चारी चाकं ओढतील अशीच गाडी निघन. अन् नाल्यापासून बाबाले चालवत नेणं शक्य नव्हतं. म्हणून मी मोटारसायकल विकली, बायकोनं साठवलेले पैसे टाकले, अन् जीप शोधाले निघालो.

बाबा खाटेवरून शिकवत. "न सांगता जाय. गेल्या गेल्या बोनटवर हात ठेव. गरम असन तं समज, तू येण्याआधी मालकानं चालू करून ठेवली, थंडीत उठत नाई ते. तेलाचं झाकण उघड, आत दुधाच्या चहासारखं दिसलं तं पाणी गेलं हाय, हात जोडून निघ. हातोडी घेऊन जाय. खालच्या सांगाड्यावर, चासीवर ठोक. टण् वाजलं तं लोखंड, भद् वाजलं तं जंग. जे डोळ्याले दिसत नाई ते कानाले कळते बे."

"अन् शेवटी?" ते रोज परीक्षा घेत.

"शेवटी खाली निजायचं."

"काहून?"

"इंजिनाचा जोर पुढच्या चाकाले नेणारा शाफ्ट हाय की नाई पाहाले. लोक डिझेल वाचवाले काढून ठेवतात. वर फोर बाय फोरचा लिव्हर पडते, खाली काहीच नसते."

शाळेत मास्तरच्या माराने जे पाठ झालं नाई, ते बाबानं आठ दिवसांत पाठ करून घेतलं.

पहिली गाडी उरल्यात पाह्यली. बोनट तव्यासारखं गरम. मी हातोडी काढून ठोकत सुटलो. मालक म्हणे, "भैया, गाड़ी ले रहे हो कि तबला?" तेवढ्यात हातोडी चासीतून आरपार गेली. मालकानं हातोडी काढून देली, वर पाणीही पाजलं. दुसरीचं तेल चहासारखं. घरी येऊन सांगितलं तं बाबा खूश. म्हणाले, "पोट्टा हुशार झाला." पोट्टा एक्कावन वर्षांचा. पण बाबानं मले हुशार म्हणाची ती पहिलीच वेळ, अन् शेवटची.

तिसरी होती चौबे कॉलोनीत. हिरवी, पुसून चकचकीत. बोनट थंड, तेल साफ, धूर नाई. मी थैलीतली हातोडी काढणार, तं मालकानं घरात आवाज देला, "अवो, पाणी आण जरा." मराठी! रायपुरात दिवसभर हिंदी बोलून बोलून जीभ आंबलेली असते. अन् इथं जीप इकणारा आपला माणूस.

"तुम्ही मराठी का?" मी म्हणलो.

"अरे वा! बसा, बसा. मूळ कुठले?"

मी गाव सांगितलं. त्यांनी विचारलं, बायको कुठली? मी तेही सांगितलं. आतून त्यांची बायको आली, तिनं बोटं मोजली, मावशीची नणंद, नणंदेचा दीर, अन् पाच मिनिटांत म्हणाली, "अवो, हे तं आपले जवाई लागतात!"

मी जवाई झालो. सख्ख्या सासरी मले कोणी पाट देला नाई, अन् इथं खुर्ची, पंखा, कोथिंबीर भरलेली सांभारवडी, वरून मानाचा टॉवेल. आता सांगा, सांभारवडी खाल्लेला जवाई सासऱ्याच्या जीपखाली कसा निजन? ते म्हणाले, "पाहून घ्या न, लागलं तं खाली वाकून." मी म्हणलो, "काय बोलता मामाजी, घरची गाडी." थैलीतली हातोडी मी पायानंच खुर्चीखाली सरकवली. लिव्हर टाकून पाह्यला, मस्त पडला. निघताना मामीजीनं मले अन् गाडीले एकाच वाटीतलं कुंकू लावलं.

घरी बाबानं विचारलं, "खाली निजला होता?"

"हव."

मंग एका पहाटे निघालो. बाबा पुढच्या सीटवर, मांडीवर आईच्या लुगड्याचा फाडलेला पदर, घडी करून. जन्मात बोलले नाई इतके रस्ताभर बोलले. हे झाड नवं, हे जुनं, इथं अस्वल दिसलं होतं. खोकला आला की थांबत, अन् पुन्हा सुरू.

नाला आला. बाबा म्हणाले, "लिव्हर टाक." टाकला. "जाऊ दे." जीप रेतीत उतरली, मधात गेली, अन् मागची चाकं खड्डा करत बसली. मी आणखी दाबलं. बाबानं हात वर केला, डोळे मिटले, ऐकलं.

"पुढचं मुकं हाय," ते म्हणाले.

मी उतरलो, अन् तेव्हा निजलो जीपखाली, चिखलात. वर पाह्यलं तं शाफ्टची जागा रिकामी. किती वेळ तसाच पडून होतो. बाहेर कोणत्या तोंडानं याव?

पाठीवर घेतो म्हणलो. घेतलंही. वजन तं काहीच राह्यलं नव्हतं, पण छाती दाबली गेली अन् त्यांले श्वास येईना. परत सीटवर बसवलं. पलीकडं झाडंच झाडं. बाबानं पदर माह्या हातात देला. "तू जाय. मोठा मोह हाय. पायाशी ठेव अन् सांग."

मी गेलो. मोठे मोह तिथं दहा होते. फिरलो, घामाघूम झालो, बाबा तिकडं एकटे. शेवटी एका झाडाच्या पायाशी पदर ठेवला अन् परतलो. सांगितलं काहीच नाई. झाडाले काय सांगू?

बाबा म्हणाले, "सापडली?"

"हव."

"तीन दगड हायेत न?"

"हव. तीन."

"बरं," म्हणाले. नंतर वाटेनं एक ट्रॅक्टरवाला आला, त्यानं ओढून काढलं. घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाई. मले वाटलं, समाधान झालं असन.

दोन महिन्यांनी ते गेले. तेराव्याले आत्या आली, बाबाची बहीण. ते छावणीत होती त्यांच्यासंग. मी तिले म्हणलो, "मी पोरीच्या तीन दगडांपाशी आईचा पदर ठेवून आलतो."

आत्या म्हणाली, "कोणते दगड? तुह्या बापानं गाडीच्या चाकावरच्या कमानीचा लोखंडी पट्टा उभा गाडला होता तिथं. दगड कोणी चुलीले उचलून नेईन म्हणून."

मी जेवणाऱ्यांच्या पंगतीत वाढून राहिलो होतो. भाताचं भांडं खाली ठेवलं. नाल्यातच बाबानं मले चासीसारखं ठोकून पाह्यलं होतं.

चौबे कॉलोनीच्या मामाजीले मी जाऊन विचारलं. त्यांचा चेहराच पडला. बिचारे म्हणाले, "मी तं भाजी आणालेच चालवली, जवाईबापू. पुढं काय जोडलं असते मले माहीत नाई." खरंच बोलत होते. मामीजीनं पुन्हा वाटीत सांभारवडी आणली.

शाफ्ट शोधून बसवला. मिस्त्री लावून राहिला तं मी त्याच्या बाजूले खाली निजलो. तो म्हणे, "आप काहे लेट रहे हो भैया?" म्हणलो, ऐसेच.

मंग एकटा गेलो. नाल्यातून जीप दमानं निघाली, चारी चाकांवर. कमानीचा पट्टा सापडला, जंग चढला होता, थोडा वाकला होता. मी पदर ठेवून परतलो होतो त्या झाडापासून फार तं पन्नास पावलं.

आईच्या लुगड्याची दुसरी पट्टी फाडून आणली होती. ते बांधली. बाबाचा गमछा ठेवला. मंग बसलो. काय म्हणून हाक माराव तेच समजेना. आठ महिन्यांची, पण माह्याहून मोठी. दीदी म्हणलो. अन् आधी माय गेल्याचं सांगितलं, मंग बाबा गेल्याचं. अन् ते एकडाव नाल्यापर्यंत आलते, हेही सांगितलं, अन् पुढं काहून आले नाई तेही.