दोघी जावा, एक उपनेतेपद

माझी धाकटी जाऊ चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, नंतर तोंडातून निघेल न निघेल. ती साताऱ्याची, एम. ए. झालेली, आवाज मऊ आणि चपात्या त्याहून मऊ. मी म्हसवडकडची, बारावी, आणि मी परड्यातून हाक मारली की चार घरं पलीकडची माणसं 'ओ' देतात. आमचं गाव आष्ट्याजवळ, घर एकत्र, आणि ती लग्न होऊन या घरात आल्यापासून माझ्या पोटात दुखतंय. डॉक्टरला दाखवण्यातलं दुखणं नाही हे.

ती यायच्या आधी मी आमटी केली की लोक जेवून उठायचे. ती आल्यावर त्याच आमटीला आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायला लागल्या, "आज जरा तिखट झालीया का गं?" अहो, इतकी वर्षं तिखट नव्हती ती? बरं, घरातल्यांचं एक सोडा. माझे मालक फौजेत आहेत. तिकडून त्यांचा फोन आला तर म्हणे, "धाकटीनं लोणचं बांधून दिलंतं न्हवं, आमच्या तुकडीतली पोरं बोटं चाटत बसली. आणि धाड म्हणावं." डब्यात माझ्या चकल्याही होत्या. चकल्यांचं नाव नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण फोनवर "बरं" म्हणाले.

पण एक जागा अशी होती, जिथं ती नव्हती. मालकांनी एका सुट्टीत मला मोबाईलवर एक खेळ दाखवला होता. "घर चालवतीस न्हवं, आता देश चालवून बघ," म्हणाले. त्या खेळात प्रत्येकानं आपला एक देश काढायचा. त्याचं नाव आपण ठेवायचं, झेंडा आपण ठरवायचा, राष्ट्रीय प्राणी आपण निवडायचा. मी माणदेशी मेंढी निवडली. मग रोज खेळ आपल्याला प्रश्न विचारतो. कारखान्यांना नदीत घाण पाणी सोडू द्यायचं का? शाळा फुकट करायच्या का? आपण ठरवायचं आणि देशाचं काय होतं ते बघायचं. मी गॅसवर दूध ठेवायची आणि ते तापेपर्यंत कायदे करायची.

असे बरेच देश मिळून एक संघ होतो. आमचा संघ सगळा मराठी माणसांचा. कुणी नाशिकचं, कुणी दुबईत, एक बाई जर्मनीत. त्यांचा गप्पांचा ग्रुप होता आणि संघाचे एक नेते होते, नागपूरचे, बँकेतून निवृत्त झालेले. तिथं मला कुणी थोरली म्हणत नव्हतं. कुणाची सून, कुणाची जाऊ, कुणालाच ठाऊक नाही. नवा देश आला की मीच पहिली "या, बसा" लिहायची, काय अडलंय विचारायची, कर किती लावायचा ते सांगायची. लोक म्हणायचे, तुमच्यामुळं टिकलो बघा. एवढं वाक्य मला या घरात कुणी म्हटलेलं नाही.

आणि मीच माझ्या हातानं घाण केली. एका दुपारी धाकटी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अक्का, काय बघताय एवढं हसत?" काही नाही म्हणायचं होतं गप. पण मला मिरवायची हौस. मी झेंडा दाखवला, मेंढी दाखवली, सगळं दाखवलं. तिनं चहा संपायच्या आत स्वतःचा देश काढला.

पुढचं काय सांगू! थोड्याच दिवसांत तिच्या देशाचं शिक्षण माझ्या देशाच्या वर, आरोग्य वर, नद्या स्वच्छ. माझ्या नद्यांत तेव्हा मासे मरत होते. ती ग्रुपवर लिहायला लागली, आणि ती लिहिते कसं तर पेपरात छापून आल्यागत. नव्या देशांसाठी तिनं एक माहितीपत्रक तयार केलं. नेत्यांनी ते ग्रुपच्या अगदी वर लावलं. तेव्हापासून नवे लोक आले की ते पत्रक वाचायचे आणि कामाला लागायचे. माझं "या, बसा" तसंच खाली पडून राहायचं. मला भर दुपारी रडू आलं होतं त्या दिवशी, आणि कांदा चिरत नव्हते.

मग दुबईचे गृहस्थ नोकरीच्या गडबडीत उपनेतेपद सोडून गेले. नेत्यांनी जाहीर केलं की निवडणूक होणार, मुदत सहा महिने, ज्याला उभं राहायचं त्यानं अर्ज टाकावा. मी लगेच टाकला. घरात कुणाला बोलले नाही.

खरं सांगू? पदाचं मला काय लोणचं घालायचंय! त्या पदाला ना पगार ना खुर्ची. मला एकच बघायचं होतं. माझ्या डोळ्यांत तिच्याकडं बघताना जे असतं ना, ते एकदा तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी बघायचं होतं. आयुष्यात एकदा तरी तिनं माझ्यावर जळावं. बाकी मला काही नको होतं.

तर दुसऱ्या दिवशी यादीत दोन नावं. माझा देश आणि तिचा देश. ती स्वयंपाकघरात आली ती कावरीबावरी होऊन. "अक्का, मला खरंच माहीत नव्हतं तुम्ही भरलाय ते. सगळे मागं लागले म्हणून मी भरला." सगळे मागं लागले! माझ्या मागं कोण लागलं नव्हतं. मी भाकरी अशी थापली की परात नाचली.

आता मी गप बसणारी बाई नव्हे. मामा, म्हणजे आमचे सासरे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. गावची सोसायटी असू दे नाहीतर दूध संस्था, निवडणूक बिनविरोध करण्यात त्यांचा हात कुणी धरायचा नाही. दोन्हीकडच्या उमेदवारांना आमच्या सोप्यात बसवायचे, चहा पाजायचे आणि मुदत वाटून द्यायचे, निम्मी याला, निम्मी त्याला. मग अर्ज मागं, गुलाल, पेढे. आणि वाटून देताना पहिला मान मोठ्याचा, हे ठरलेलं. मी हे सगळं ओळखून होते. म्हणून सकाळी ते पेपर वाचत बसले असताना मी हळूच विषय काढला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "पद कसलं हाय म्हणालीस?"

"उपनेत्याचं."

"मानधन?"

"न्हाई."

"गाडी बिडी?"

"न्हाई, मामा."

"मग मरताय कशाला?" म्हणाले. पण लगेच त्यांचा चेहरा गंभीर झाला. "ते काय बी असू दे. एका घरातनं दोन अर्ज? लोक काय म्हणतील?"

"लोक नागपूरला हायत, मामा."

"नागपूरची झाली म्हणून काय लोक न्हाईत व्हय? बोलव धाकटीला."

आम्हा दोघींना सोप्यात बसवलं. आत्या दारात. मामांनी निकाल दिला: थोरलीनं पहिले तीन महिने बघायचं, धाकटीनं पुढचे तीन, अर्ज धाकटीनं मागं घ्यायचा. धाकटी म्हणाली, "चालेल, मामा." एवढंच. वाद नाही, तोंड वाकडं नाही. मी तिच्या डोळ्यांत बघून घेतलं, तर तिथं काहीच नव्हतं, उलट सुटल्यासारखी दिसली. मला जिंकूनही कसंसंच झालं. तरी मामांनी आष्ट्याहून पेढे आणवले आणि मी दोन खाल्ले.

मग मी ते केलं, जे आमच्याकडं कुणीही केलं असतं. बिनविरोध झालं की आमच्याकडं ते लपवत नाहीत, वाजवून सांगतात. चौकात फलक लागतो, फलकावर सगळ्यांचे फोटो, ज्यांनी मिटवलं त्यांचा सगळ्यांत मोठा. मी पेढ्यांच्या खोक्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर लिहिलं: "निवडणूक बिनविरोध झाली! आमच्या सासऱ्यांनी दोघींना बसवून मिटवलं. पहिले तीन महिने मी, पुढचे तीन माझी जाऊ. सर्वांचे आभार." आणि वाट बघत बसले, आता अभिनंदन येतील म्हणून.

मग पुण्याच्या एका देशानं विचारलं, "म्हणजे पद वाटून घेतलं?" जर्मनीवाल्या बाई म्हणाल्या, "सासऱ्यांनी ठरवलं? ते संघाचे सदस्य आहेत का?" एकानं लिहिलं की एका सुनेवर घरातून दबाव आणून अर्ज मागं घ्यायला लावला, ही गोष्ट फार गंभीर आहे. मग ग्रुपवरची पोरं सुटलीच. घोटाळा काय, घराणेशाही काय! मी "या, बसा" म्हणून ज्यांना आत घेतलं, कर कसा लावायचा ते शिकवलं, तीच माणसं मला लोकशाही शिकवायला लागली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोलायला बरंच होतं, पण मोबाईलवर माझं एक वाक्य होईपर्यंत समोरून दहा यायची. शेवटी मी लिहिलं, "तुमाला काय कळतंय?" आणि ते तर फारच महागात पडलं.

नेत्यांनी जाहीर केलं की माघार धरली जाणार नाही, दोन्ही नावांवर मतदान होईल.

तेव्हा धाकटीनं लिहिलं. मला न विचारता, स्वतःहून. तिनं लिहिलं की ज्या गावात निवडणूक झाल्यावर दोन्ही बाजूंना एकाच पाळीचं पाणी घ्यायचं असतं, एकाच टोळीकडून ऊस तोडून घ्यायचा असतो आणि एकमेकांच्या मयताला जायचं असतं, तिथं माणसं मतदानाआधीच भांडण संपवतात. तुमच्या नियमात ते बसत नसेल, तर नियम पाळू, पण त्याला घोटाळा म्हणू नका. तिनं लिहिलं, "अक्कांना काही लपवायचं असतं तर त्यांनी पेढ्यांचा फोटो टाकला असता का? माझ्यावर दबाव नव्हता. आणि तुमच्यापैकी प्रत्येकाला या संघात पहिल्या दिवशी कुणी बसायला सांगितलं, ते एकदा वर जाऊन बघा."

मी ते न्हाणीच्या कट्ट्यावर बसून वाचलं. परत वाचलं, कुठं खोट सापडते का म्हणून. नाही सापडली. माझ्या मनातलं, माझ्या बाजूचं, आणि ते बोलायची ताकदसुद्धा माझ्यात नव्हती, तिच्यात होती! लोक विरघळले. माझी माफी मागितली कुणीकुणी. जर्मनीच्या बाईंनी तर मला फुलांचं चित्र पाठवलं. आणि मग सगळ्यांनी, ज्यांनी माफी मागितली त्यांनीसुद्धा, मत तिला दिलं. का नाही देणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही तिलाच दिलं असतं. माझ्या जागी होते म्हणून मला दिलं. मी पडले, आणि चांगली सपाटून पडले.

घरी निकाल कळला. मामा फक्त म्हणाले, "नागपूरकरांना समज कमी हाय," आणि पेपर उघडला. आत्यांनी संध्याकाळी आमटीला नाव ठेवलं नाही, त्यावरनं मी काय ते ओळखलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परड्यात मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "अक्का, मामांनी ठरवल्याप्रमाणं पहिले तीन महिने काम तुम्हीच बघा. मी नेत्यांशी बोलते. त्यांना नियमात बसवून घेता येईल."

"मला नको तुझं उष्टं," मी म्हणाले. असंच म्हणाले, या शब्दांत.

तिला लागलं असणार. पण ती खाली मान घालून देठ मोडत राहिली. मला तेही सहन होईना. एखादीनं उलट बोलावं, भांडी आपटावीत, काहीतरी करावं की! मग माझ्या तोंडून गेलंच. कितीतरी दिवस आत दाबून ठेवलं होतं ते.

"एक खरं सांग. तुला माझा कवा हेवा वाटला का गं? एकदा तरी?"

तिचे हात थांबले. तिनं थट्टेवारी नेलं नाही. माझ्याकडं बघितलं आणि खरंच विचार करायला लागली. मी बघत होते, ती मनातल्या मनात शोधत होती, मला बरं वाटावं असं काहीतरी सापडतंय का ते. मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली.

मग तिनं अगदी मनापासून विचारलं, "कशाचा, अक्का?"